बी-एकोणीस

थोपटे बाई चप्पल न काढताच वर्गात आल्या.
"हे बघा," म्हणाल्या, आणि यज्ञेशची हनुवटी
भाजीवाल्याला किडकं वांगं परत दाखवावं तशी
माझ्याकडे वळवली.
दोन्ही गाल लाल. चढलेले, गरम,
ओठांभोवती तेवढी फिकट मोकळी जागा.
"कुणी मारलं?"

पद्मावतीच्या त्या बालवाडीत तेवीस मुलं,
एक मी, एक शेवंतामावशी.
खळदकर मॅडमनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.
मी म्हटलं, नाही मारलं.

खरं तर हात एकदा उठला होता.
मंगळवारी, त्यानं रंगाची वाटी तिसऱ्यांदा उलटी केली तेव्हा.
उठला, आणि तोच हात फळ्याकडे वळवून
मी उगाचच अननसाचा अ पुन्हा गिरवला.
हे वहीत कुठल्या रकान्यात लिहितात?

संध्याकाळी डॉक्टर बोत्र्यांनी त्याचा शर्ट वर केला.
दंडावर जाळी, क्रोशाच्या रुमालासारखी.
"थप्पड नाही, पुरळ आहे. पाचवा आजार.
पूर्वी मुलांच्या पुरळांना नुसते नंबर द्यायचे,
गोवर पहिला, हा पाचवा.
आता नाही पसरत. पसरायचा तो गेल्या आठवड्यात पसरला,
नुसतं नाक वाहत होतं तेव्हा."
थोपटे बाईंनी हे मला फोनवर सांगितलं.
सॉरी काही त्यांच्या तोंडून निघेना. म्हणाल्या,
"उद्या डब्यात थालीपीठ जास्तीचं देते."

गेल्या आठवड्यात ते नाक
दिवसातून दहादा मीच पुसलं होतं,
माझ्याच ओढणीनं.

मला अठरावा आठवडा होता.

मग एका सकाळी नळ सोडता येईना.
डब्याचं झाकण शेजारच्यांकडून उघडून आणलं.
खडू धरला की निसटे,
बोटं जवळ येत, पण मूठ होत नसे.
त्या दिवसांत मला कुणाला
साधा चिमटासुद्धा काढता आला नसता.
मॅडमना तसं लेखी द्यावं असं मनात येऊन गेलं.

रिपोर्टवर नाव आलं: पार्व्होव्हायरस बी-एकोणीस.
आमच्या सोसायटीत बी विंगला एकोणीस नंबरचा फ्लॅट आहे,
दारावर पाटी: बेल एकदाच वाजवावी.
डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हाही पत्ताच आहे,
परदेशातल्या कुठल्याशा रक्ततपासणीत
तो ज्या खणात सापडला, त्या खणाचा.
राहतो मात्र हाडांच्या आत,
तांबड्या पेशी जिथे घडतात तिथे,
आणि काम बंद पाडतो.
"तुमच्याकडे चार महिन्यांचा माल शिल्लक असतो,
आठवडाभर कारखाना थांबला तरी कळत नाही.
पोटातल्याकडे," त्या म्हणाल्या,
आणि जेल पुसायला कागद शोधू लागल्या.

दर गुरुवारी कर्वे रोड.
रक्त पातळ झालं की जोरात धावतं,
म्हणून त्याच्या डोक्यातल्या एका धमनीचा वेग मोजायचा.
सत्तावीस. एकोणचाळीस. बावन्न.
सिंहगड रोडवर येणाऱ्याजाणाऱ्यावर
"हळू चालव की!" म्हणून खेकसणारे आमचे गिरीधर
पडद्याकडे बघत पुटपुटले, हळू. हळू रे.

बावन्नला सुई घातली.
माझ्या पोटातून, नाळेत,
कुणा अनोळखी माणसाचं रक्त,
तीस मिलीलिटर. कटिंगचा अर्धा ग्लाससुद्धा नाही.
मी छताकडे बघत होते. ट्यूबलाइट फडफडत होती.
ज्यानं दिलं तो आत्ता कदाचित
नळस्टॉपच्या सिग्नलला हॉर्न वाजवत असेल.
वाजव बाबा.

परवा रजा वाढवायचा अर्ज द्यायला बालवाडीत गेले.
यज्ञेश उन्हातून पळत आला,
त्याचे गाल पुन्हा तसेच, लाल.
ऊन लागलं की अजून येतात म्हणे, काही दिवस.
त्याला न्यायला आलेल्या थोपटे बाईंनी दारातून पाहिलं,
आधी त्याच्या गालांकडे, मग माझ्या पोटाकडे.
चप्पल काढली, आणि आत आल्या.
बोलल्या काहीच नाहीत. मीही नाही.

उद्या गुरुवार.